पाण्याची बाटली घेताय? आधी हा क्रम बघा: घरातल्या जुन्या बाटल्यांपासून नवीन बाटलीच्या पहिल्या घोटापर्यंत

शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात दादर स्टेशनबाहेर नाहीतर क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर दिसेल, लोक बाटली कशी घेतात ते. रंग बघतात, झाकण टकटक उघडून बघतात, मग 'बीपीए फ्री' (बीपीए म्हणजे काही प्लास्टिकमधलं एक रसायन) लिहिलंय का ते बघतात आणि पैसे देऊन मोकळे. घरी आणून नळाखाली एकदा विसळली की भरली. आमच्या बिल्डिंगमधे, नात्यात, मुलीच्या शाळेतल्या आयांमधे मला दरवर्षी तेच प्रश्न येतात आणि दरवर्षी त्याच चुका झालेल्या असतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय. माझे मामा बरीच वर्षं भुलेश्वरला भांड्यांच्या दुकानात होते त्यामुळे धातूच्या बाटल्यांचं बरंचसं त्यांच्याकडून शिकलेलं आहे, बाकीचं वाचून आणि वापरून.

मुख्य चूक क्रमाची होते. आधी बाटली आवडते आणि मग तिच्यात काय भरायचं ते ठरतं. खरं तर आधी काय भरणार ते, मग मटेरियल, मग आयएसआय मार्क, मग झाकण, आणि रंग सगळ्यात शेवटी.

पायरी १: घरातल्या सगळ्या बाटल्या ओट्यावर काढा

नवीन घ्यायच्या आधी हे करायचंच. फ्रीजमधल्या, दप्तरातल्या, ऑफिसच्या बॅगेतल्या, गाडीतल्या, माळ्यावरच्या, सगळ्या. आमच्याकडे चार माणसांत अकरा निघाल्या होत्या.

आता प्रत्येक बाटली उलटी करून बूड बघा. प्लास्टिकच्या बाटलीवर बाणांचा त्रिकोण आणि त्यात १ ते ७ मधला एक आकडा असतो. हा आकडा म्हणजे 'खाण्यापिण्यासाठी सुरक्षित' असा शिक्का नाहीये, ही सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे. तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो, रिसायकल करणाऱ्यासाठी. खाण्यापिण्याच्या वस्तूचं चिन्ह वेगळं, ग्लास आणि काटा-चमचा काढलेला असतो ते. (पण तेही कंपनी स्वतःच छापते, त्यामुळे ते असेल तर बरं, एवढंच धरा.)

१ म्हणजे पेट (पीईटी) प्लास्टिक, विकतच्या पाण्याच्या बाटल्या. फ्रीजमधे रांगेने लावलेल्या असतात त्या. काढा. त्यांच्या लेबलवर वापरानंतर चुरगाळून टाका असं लिहिलेलं असतं ते कोणी वाचत नाही. तोंड अरुंद म्हणून आत ब्रश जात नाही, गरम पाणी घातलं की आकार जातो, आणि पेट बनवताना अँटिमनी नावाचं मूलद्रव्य वापरतात ते उष्णतेत जास्त प्रमाणात पाण्यात उतरतं. एप्रिल-मे मधे वाण्याच्या दुकानाबाहेर फुटपाथवर उन्हात रचलेले क्रेट बघा म्हणजे त्या बाटलीवर आधीच काय काय झालंय ते कळेल, आणि त्यानंतर तीच आपण सहा महिने वापरायची हे काही बरोबर नाही.

२ आणि ५, म्हणजे एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन, ठीक. चरे नसतील, वास नसेल तर ठेवा.

३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, पाण्यासाठी दोन्ही नकोत.

७ म्हणजे 'इतर', आणि इथेच गोंधळ आहे. यात पॉलिकार्बोनेटही येतं आणि ट्रायटनही येतं. पॉलिकार्बोनेट म्हणजे काचेसारखं पारदर्शक, कडक, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारं. बीपीएचा विषय आहे तो मुख्यतः याच्यात. ट्रायटनही तसंच पारदर्शक दिसतं पण त्यात बीपीए वापरत नाहीत. आकडा ७ आहे आणि ट्रायटन असं कुठेच लिहिलेलं नाही, तर मी ती पॉलिकार्बोनेटच धरते आणि बाजूला काढते. ऑफिसात येणारे २० लिटरचे निळसर जार बरेचदा याचेच असतात, ते तुम्ही बदलू शकत नाही पण निदान उन्हात येणाऱ्या खिडकीशेजारी ठेवू नका एवढं सांगू शकता.

तपासणी: आकडाच नाही, घासून गेलाय, आतून चरे पडलेत, पांढुरकी झालीये, झाकण उघडल्यावर वास येतो. यातलं एकही असेल तर पिण्याच्या पाण्यातून बाद. झाडांना पाणी घालायला वापरा नाहीतर सुक्या कचऱ्यात द्या.

बीपीएबद्दल थोडं सांगायलाच हवं कारण नुसत्या स्टिकरवर लोक विसंबतात. हे रसायन शरीरात इस्ट्रोजेन या हार्मोनसारखं वागतं. आपल्याकडे बाळांच्या दुधाच्या बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेट वापरायला बंदी आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मधे रोजची सुरक्षित मर्यादा आधीपेक्षा २०,००० पट खाली आणली आणि २०२४ च्या डिसेंबरमधे युरोपियन युनियनने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमधे त्याच्यावर बंदीचा निर्णय घेतला. पण 'बीपीए फ्री' म्हणजे फक्त बीपीए नाही. त्याच्या जागी कधीकधी बीपीएस किंवा बीपीएफ वापरतात, ती त्याच घराण्यातली भावंडं, आणि अभ्यासांमधे तीही हार्मोनसारखी वागताना दिसली आहेत. म्हणून स्टिकर वाचून थांबायचं नाही, मटेरियल कुठलं ते विचारायचं.

पायरी २: कागदावर लिहा, कोण नेणार आणि त्यात काय भरणार

एका बाटलीत सगळं करायचं ठरवलं की गडबड होते. सकाळी गरम पाणी, दुपारी लिंबू सरबत, संध्याकाळी ताक, असली सर्वगुणसंपन्न बाटली मिळत नाही. म्हणून माणसाप्रमाणे लिहा.

मुलगी, शाळा, साधं पाणी, दप्तर आधीच जड. नवरा, विरारहून चर्चगेट, गर्दीत बॅग दाबली जाते, गळती चालणार नाही. सासूबाई, घरीच, सकाळी कोमट पाणी, झाकण घट्ट असेल तर बोटांनी उघडत नाही. असं.

यात तीन गोष्टी ठळक करा: गरम भरणार का, आंबट भरणार का (लिंबू, कोकम, ताक, सोलकढी सगळं आंबटच), आणि वजन किती चालेल. हे लिहिलेलं नसेल तर दुकानात दुकानदारच ठरवतो.

थर्माससारख्या दुहेरी भिंतीच्या बाटल्या लहान मुलांना सर्रास दिल्या जातात त्याबद्दल एक सांगते. पाऊण लिटरची तसली बाटली रिकामीच तीनशे-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, वर पाऊण किलो पाणी. दुसरीतल्या मुलाच्या खांद्यावर हे कशाला? साधं पाणी न्यायचंय तर एकेरी स्टीलची बाटली पुरते, गार राहायला बाहेरून कापडी कव्हर घाला.

पायरी ३: मटेरियल ठरवा

स्टील

रोजच्या वापराला माझी पहिली पसंती हीच, पण स्टील म्हणजे सगळं सारखं नसतं. विचारायचा ग्रेड ३०४, यालाच १८/८ म्हणतात, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मधे वरून मॉलिब्डेनम असतं, ते मीठ आणि आंबटाला आणखी टिकतं, पण साध्या पाण्यासाठी तेवढे पैसे घालायची गरज नाही. आणि मग येतं २०० सिरीज. भांडीबाजारात याला जे-फोर वगैरे म्हणतात. यात महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. नवीन असताना चकाकीत काहीच फरक दिसत नाही, पण आपल्याकडची खारी दमट हवा आणि क्लोरीनचं पाणी, पहिल्या पावसाळ्यातच गळ्यापाशी, जोडावर, आट्यांमधे तांबूस ठिपके यायला लागतात.

सावधान, लोहचुंबकावर विसंबू नका. 'चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४' हे सगळीकडे ऐकायला मिळतं आणि ते चूक आहे. २०१ लाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ ची बाटली ओढून-दाबून बनवताना तिच्या गळ्यापाशी नाहीतर बुडाच्या कडेला चुंबक हलकासा धरू शकतो. चुंबक सपाट भिंतीवर खाडकन चिकटला तर ते वेगळंच, स्वस्त स्टील आहे एवढं कळतं. याच्या पलीकडे चुंबक काही सांगत नाही.

दुसरं, खोदलेला '३०४' आतल्या भिंतीबद्दल आहे का बाहेरच्या ते बघा. दुहेरी बाटलीत आत ३०४ आणि बाहेर २०१ लावणं नेहमीचं आहे आणि तसं लिहिलेलं असेल तर त्यात फसवणूक नाही, पाण्याला लागते ती आतली भिंत. त्रास होतो तो नुसतं 'फूड ग्रेड स्टील' लिहिलेल्या बाटल्यांचा, त्यात काहीही असू शकतं.

दुहेरी बाटलीच्या बुडाशी एक छोटी चकती असते. मधली हवा काढून घेतल्यावर तिथलं बारीक भोक बंद करतात आणि काही कंपन्या त्या सीलमधे शिसं वापरतात. २०२४ च्या जानेवारीत स्टॅनली या अमेरिकन ब्रँडनेही हे मान्य केलं होतं. ते सील स्टीलखाली झाकलेलं असतं, पाण्याला लागत नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण बाटली आपटून ती चकती निघाली असेल तर मग ती वापरायची नाही, लहान मूल असलेल्या घरात तर त्याच दिवशी बाहेर काढायची.

प्लास्टिक

घ्यायचीच असेल तर ५ किंवा ट्रायटन असं स्पष्ट लिहिलेली. नियम एकच, गरम पाणी नाही. पावसाळ्यात आपण पाणी उकळतो, घाईत कोमट झालं की भरतो, ते पूर्ण गार होऊ द्या मगच भरा. बंद गाडीत ठेवू नका, मे महिन्यात रस्त्यावर उभ्या गाडीत हात भाजतो इतकं तापतं. उष्णता आणि चरे, प्लास्टिकमधलं काहीही पाण्यात यायला हीच दोन कारणं पुरेशी असतात.

तांबं

इथे जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या चांगल्या हेतूने होतात.

तांब्याच्या बाटलीत फक्त साधं, गार पाणी. लिंबू नाही, कोकम नाही, ताक नाही, गरम पाणी नाही. आंबटाने तांबं जास्त विरघळतं आणि मग तोंडाला धातूची चव, मळमळ, उलटी, पोटात कळ. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मधे, तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, दुसरा पाण्याचा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. रात्री भरून सकाळी प्यायलं तर ठीक, पण शनिवारी भरलेली बाटली सोमवारी बॅगेतून काढून प्यायची नाही. दिवसभर फक्त तांब्याच्याच बाटलीतून सगळ्यांनी प्यायचं हेही नको. विल्सन्स डिसीज असलेल्यांनी तर अजिबात नाही, त्यांच्या शरीरातून तांबं नीट बाहेर पडत नाही.

मग त्या रंगीत, नक्षी छापलेल्या तांब्याच्या बाटल्या. चकचकीत राहाव्यात म्हणून काहींना आतूनही लॅकर (पारदर्शक वार्निशसारखा थर) मारलेलं असतं, म्हणजे पाणी तांब्याला लागतच नाही, लागतं ते लॅकरला, आणि पुढे तेच सोलून निघतं. ओळखायचं असं: आतून न रंगवलेलं तांबं वापराने पंधरा दिवसांत काळपट व्हायला लागतं. महिना झाला तरी आतून नव्यासारखं झळकतंय तर आत कोटिंग आहे समजा. घ्यायचंच असेल तर तांबाकाट्याला (मुंबईतला भांडीबाजार) जाऊन साधी, वजनावर मिळणारी घ्या, घरातलं जुनं तांबं मोडीत घालता येतं ते वेगळं.

अ‍ॅल्युमिनियम

हलकी असते म्हणून जिमवाले आणि ट्रेकवाले घेतात. अ‍ॅल्युमिनियमला आंबट चालत नाही म्हणून आतून अस्तर मारतात, आणि ते अस्तर इपॉक्सीचं असेल तर बीपीए तिथून परत घरात. बाटली पडली, पोचा आला, की आतलं अस्तर तिथेच तडकतं आणि ते दिसत नाही. मी घेत नाही. मुलीच्या पहिलीच्या वर्षी स्टेशनबाहेर 'स्टील' म्हणून घेतलेली एक बाटली घरी येऊन टॉर्चने बघितली तर आतून पांढरट कोटिंग निघालं, तेव्हापासून आत टॉर्च मारल्याशिवाय धातूची बाटली घ्यायची नाही हे ठरवलंय. आतून धातूचा रंग दिसला पाहिजे, पांढरा, सोनेरी, राखाडी रंगाचा थर नको.

काच

चव, वास, रसायनं या बाबतीत काचेला तोड नाही. घरी, ऑफिसच्या टेबलावर उत्तम. लोकलमधे आणि शाळेत नको. गरम भरणार असाल तर बोरोसिलिकेटच (उष्णता सोसणारी काच), साधी काच उकळत्या पाण्याने तडकते.

पायरी ४: दुकानात काय करायचं

मोबाईल चार्ज करून जा, टॉर्चसाठी आणि आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीआयएसच्या, 'बीआयएस केअर' अ‍ॅपसाठी. अ‍ॅप घरूनच डाऊनलोड करून न्या, भुलेश्वरच्या गल्लीत आत गेलं की नेटवर्कचे वांधे होतात.

१. मार्क बघा. तांबं, स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी आयएस १७८०३ हे मानक आहे आणि स्टीलच्या व्हॅक्यूम बाटल्यांसाठी आयएस १७५२६. २०२३ मधे केंद्र सरकारने पाण्याच्या बाटल्यांसाठी आयएसआय मार्क सक्तीचा करणारा आदेश काढला. मार्कच्या वर मानकाचा नंबर आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. दोन्ही पाहिजेत. नुसतं आयएसआय असं छापलेलं चालत नाही.

२. तो सीएम/एल नंबर अ‍ॅपमधे लायसन्स तपासायच्या ठिकाणी टाका. कंपनीचं नाव, वस्तू, लायसन्स चालू आहे का, सगळं समोर येतं. प्रेशर कुकरचा नंबर बाटलीवर छापलेला असेल तर इथेच कळेल. दुकानदार म्हणेल 'अहो ताई एवढं कोण बघतं', बघू द्या म्हणावं, एक मिनिट लागतं.

३. टॉर्च मारून आत बघा. बुडाचा जोड, भिंतीवरची वेल्डिंगची रेघ, सगळं गुळगुळीत हवं. काळे ठिपके, खडबडीत रेघ असेल तर दुसरा नग मागा.

४. तोंडाच्या काठावरून बोट फिरवा. धार लागत असेल तर मुलांसाठी नको. आणि बाहेरचा रंग काठापर्यंत आलेला नको, ओठ लागतात तिथे उघडं स्टील पाहिजे. मुलं काठ चावतात आणि रंगाचे पापुद्रे पोटात जातात.

५. वास घ्या. झाकण लावून मिनिटभर ठेवा, उघडून लगेच नाकाशी. उग्र प्लास्टिकचा किंवा रॉकेलसारखा वास आला तर 'दोन दिवसांनी जाईल' यावर विश्वास ठेवू नका, ठेवून द्या परत.

ऑनलाइन घेत असाल तर बुडाचा आणि मार्कचा फोटो दिलाय का बघा. नसेल तर परत करता येईल अशीच घ्या आणि घरी आल्यावर या पाचही गोष्टी करा, पाणी भरायच्या आधी.

पायरी ५: झाकण वेगळं तपासा

स्टीलची बाटली घेतली म्हणून लोक निश्चिंत होतात आणि झाकण विसरतात. झाकण प्लास्टिकचंच असतं, आणि बाटली आडवी पडली, गरम पाण्याची वाफ धरली, की पाणी त्यालाच लागून असतं. झाकणाच्या आतल्या बाजूला ५ आकडा आहे का बघा, नाहीतर आतून स्टीलची चकती असलेलं झाकण घ्या, ते मिळतं.

मग वायसर. सिलिकॉनचा पाहिजे, मऊ, ताणला की परत जागेवर येणारा, वास नसलेला. तो निघतो का हे दुकानातच काढून बघा, कारण न निघणाऱ्या वायसरची बाटली कधीच नीट धुतली जाणार नाही. सुटा वायसर मिळतो का तेही विचारा. आमच्याकडे एक बाटली आम्ही दोन महिने रोज मन लावून धुत होतो आणि एक दिवस वायसर केसांच्या पिनेने उचकटला तर खाली काळ्या बुरशीची पूर्ण गोल रांगोळी. मुलगी रोज त्यातून पाणी पीत होती. तो प्रकार बघितल्यापासून मी कोणालाही बाटलीच्या आधी झाकण दाखवायला सांगते.

स्ट्रॉवाल्या आणि बटण दाबून उघडणाऱ्या बाटल्या मुलांना आवडतात, मान्य. पण स्ट्रॉ, तिची वरची नळी, स्प्रिंग, प्रत्येक फटीत पाणी साठतं. घेणार असाल तर सगळे भाग सुटे होणारी आणि सोबत बारीक ब्रश असलेली. रोज सुटं करून धुवायला वेळ नसेल तर साधं फिरकीचं झाकण घ्या.

पायरी ६: पहिली रात्र

नवीन बाटलीत लगेच पाणी भरून शाळेत पाठवायचं नाही. एक रात्र द्या.

आधी स्टील. आत पॉलिशची पावडर राहिलेली असते, ती नुसत्या साबणाने जात नाही. स्वच्छ पांढऱ्या फडक्याला थोडं गोडंतेल लावून आतून आणि गळ्यापाशी पुसा. फडकं काळं झालं तर घाबरू नका, तेच काढायचंय. काळं यायचं थांबेपर्यंत पुसा, मग साबण आणि गरम पाण्याने तेल काढा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी साबण, तर काळं तसंच राहतं.

मग सोडा. चमचाभर खायचा सोडा आणि गरम पाणी, झाकण न लावता रात्रभर. प्लास्टिक असेल तर कोमट पाणी. तांब्याला सोडा नको, लिंबू-मीठ किंवा चिंचेने आतून हलक्या हाताने घासायचं आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, आंबट आत राहू द्यायचं नाही.

सकाळी चवीची परीक्षा. इथेही एक चूक होते. लोक नव्या बाटलीतलं पाणी पितात, वास येतो, आणि बाटली खराब म्हणतात. आपल्या नळाच्या पाण्यालाच पावसाळ्यात क्लोरीनचा वास जास्त येतो. म्हणून एकच पाणी घ्या, अर्धं बाटलीत भरा, अर्धं काचेच्या ग्लासात ठेवून वर ताटली झाका. चार तासांनी दोन्ही प्या. दोन्हीला सारखा वास असेल तर तो पाण्याचा. फक्त बाटलीतल्या पाण्याला असेल तर परत सोडा लावून एकदा धुवा, आणि तरी आला तर परत करा. बिल म्हणूनच जपायचं.

गळती बघायला: भरून, झाकण लावून, वर्तमानपत्रावर आडवी अर्धा तास, मग उलटी अर्धा तास. कागद ओला झाला की दिसतोच. दुहेरी बाटली असेल तर उकळतं पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात फिरवा, भिंत कुठे गरम लागली तर व्हॅक्यूम गेलेला आहे. झाकणापाशी थोडं कोमट लागणं नेहमीचं.

पायरी ७: रोजचं धुणं

रोज म्हणजे रोज. साधं पाणीच तर होतं, असं म्हणून नुसतं विसळू नका, तोंड लावून पितो तेव्हा लाळ आत जाते.

लांब ब्रश, साबण, गळ्याचे आटे वेगळे घासायचे, झाकण वेगळं. वायसर आठवड्यातून दोनदा तरी काढून. तारेची घासणी नको. तांदूळ आणि मीठ घालून खळखळ हलवायची पद्धत घरोघर आहे, स्टीलला नुसते तांदूळ चालतील, मीठ नको, आणि प्लास्टिकला दोन्ही नको, आत चरे पडतात.

सावधान: ब्लीच स्टीलमधे घालू नका, त्यातल्या क्लोराईडने स्टीलला बारीक खड्डे पडतात. आणि ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममधे असं करणं धोक्याचं आहे.

बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्याने आत पांढरा थर येतो, त्याला एक भाग व्हिनेगर तीन भाग पाणी, अर्धा तास, मग धुणं. हे तांब्याला आणि अ‍ॅल्युमिनियमला करायचं नाही.

वाळवणं हा मुंबईत वेगळाच विषय आहे. जुलैमधे उलटी ठेवलेली बाटली दोन दिवसांनीही आतून ओलीच असते, तोंड ओट्याला चिकटलेलं, हवा जाणार कुठून. स्टँडवर तिरकी ठेवा, खालून हवा लागली पाहिजे. रात्री पंख्याखाली ठेवा. ओली बाटली झाकण लावून कपाटात टाकू नका, सुट्टीवरून आल्यावर तो वास जात नाही. म्हणून मी माणशी दोन बाटल्या ठेवते, एक वापरात, एक वाळतेय.

थर्मासमधे दुधाचा चहा किंवा मुलांचं दूध सकाळी भरून दुपारपर्यंत ठेवू नका. कोमट दूध म्हणजे जंतूंना आयतं घर. ताक, सोलकढी घट्ट झाकणाच्या बाटलीत तासन् तास ठेवली तर आंबून दाब धरते, झाकण उघडताना उडतं, तोंड जवळ नेऊ नका.

पायरी ८: कधी काढायची

प्लास्टिक: चरे, धुरकटपणा, न जाणारा वास, नाहीतर चुकून उकळतं पाणी पडून आकार बदलला, तर लगेच.

स्टील: आत तांबूस ठिपके आले तर आधी सोड्याची पेस्ट लावून घासा. गेले आणि परत आले नाहीत तर तो वरवरचा डाग, दुसऱ्या भांड्याचा गंज लागलेला. त्याच जागी परत आले तर ते स्टीलच हलकं आहे. पोचा आला म्हणून टाकायची नाही, फक्त दुहेरी बाटलीची परत गरम पाण्याची परीक्षा करा आणि बुडाची चकती बघा.

तांबं: हिरवट थर दिसला की आधी साफ करा, तोपर्यंत पाणी भरू नका. लॅकर सोलत असेल तर पाण्यासाठी बंद.

झाकण चिरलं, वायसर कडक झाला, तर आधी सुटा भाग शोधा. लोहार चाळीच्या बाजूच्या गल्ल्यांत आणि भुलेश्वरला झाकणं, वायसर सुटे मिळतात, फक्त जुना सोबत न्या, नुसतं माप सांगून तो बसत नाही.